चहातील साखर आणि दारातील लाजर

‘जगातील सगळी दुःखे मनाला लावून घ्यावयाची म्हटली, तर माणसाला दोन घास सुखाने गिळता यावयाचे नाहीत,’ हे वाक्य आमच्या सुशिक्षित समाजात हल्ली इतक्या वेळा आणि इतक्या निश्चिंतपणे उच्चारले जाते की, त्यास जवळजवळ सुभाषिताची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. हे वाक्य बोलणारा मनुष्य दुष्ट असतो असे नव्हे. तो आपली नोकरी चोख बजावतो, मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहतो, शेजारी आजारी पडला तर त्यास रिक्षात घालून दवाखान्यात पोचवितो, आणि कोठे महापूर आला की घरातील जुनी धडुती व धान्याची पिशवी आठवणीने पाठवितो. त्याचे म्हणणे एवढेच की, याहून अधिकाची अपेक्षा करणे म्हणजे माणसाने संन्यास घ्यावा किंवा वेडे व्हावे असे म्हणण्यासारखे आहे. प्रत्येकाने आपला नित्यक्रम प्रामाणिकपणे पार पाडावा. बाकीचे परमेश्वराकडे अथवा सरकारकडे सोपवावे. आमची ख्रिस्ती मंडळीही या मतास पूर्णपणे अनुकूल असून उद्याची चिंता न करण्याविषयीचा प्रभूचा उपदेश त्या मताच्या पाठीशी उभा करितात.

या मताचे खंडन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक ख्रिस्ती आहे आणि खंडन ख्रिस्ती दृष्टीनेच करणार आहे. तथापि ज्या वस्तूचे उदाहरण येथे घ्यावयाचे आहे, ती सर्व धर्मांच्या स्वयंपाकघरांत सकाळी सहाच्या सुमारास डब्यातून बाहेर निघते. तेव्हा इतर वाचकांनी हा परक्या घरातील तंटा समजून पान उलटू नये, अशी विनंती आहे.

प्रथम वाक्याची परीक्षा करू. त्यातील सारी किमया ‘सगळी’ या एका शब्दात आहे. सगळी दुःखे मनाला लावून घ्या, असे कोणी सांगितले आहे? नव्या करारात तरी ही आज्ञा आम्हांस कोठे आढळलेली नाही. उलट तेथे जेव्हा जेव्हा दुःखाचा प्रश्न निघतो तेव्हा तेव्हा तो एका माणसाचा असतो, आणि तो माणूस वाटेत पडलेला असतो, विहिरीपाशी आलेला असतो किंवा दारात बसलेला असतो. जे मागितलेलेच नाही ते अशक्य आहे असे सिद्ध करून, जे मागितले आहे ते टाळावयाचे, ही युक्ती वकिलास शोभेल. धार्मिक मनुष्यास शोभत नाही.

लूकाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दृष्टान्त आहे. ख्रिस्ती घरांत तो मुलांनाही पाठ असतो, आणि पाठ असल्यामुळेच तो कोणी वाचीत नाही. श्रीमंत मनुष्य जांभळी वस्त्रे नेसत असे व रोज मेजवानी करीत असे. लाजर हा अंगभर फोड झालेला भिकारी त्याच्या दारात पडलेला असे. दोघेही मेले. एक अब्राहामाच्या उराशी गेला, दुसरा यातनेत पडला. आता या श्रीमंत मनुष्याचा अपराध कोणता? त्याने लाजरला मारले, हाकून लावले, त्याच्यावर कुत्री सोडली, असे दृष्टान्तात अवाक्षरही नाही. कुत्री आली ती आपण होऊन आली आणि त्यांनी त्याचे फोड चाटले. धन अन्यायाने मिळविल्याचाही उल्लेख नाही. त्याच्याविषयी सांगितले आहे ते एवढेच की, तो ‘रोज’ जेवत असे. पाप त्या ‘रोज’ मध्ये आहे.

पुढची गोष्ट याहून मार्मिक आहे. यातनेत पडल्यावर त्याने डोळे वर केले आणि दुरून अब्राहामास व लाजरला पाहिले. सबंध दृष्टान्तात त्याने लाजरला पाहिल्याचा हा पहिला उल्लेख! दारात होता तेव्हा पाहिले नाही. मध्ये मोठी दरी पडल्यावर पाहिले. आणि पाहताच तो काय म्हणतो? लाजरला पाठवावे, त्याने बोटाचे टोक पाण्यात बुडवून आपली जीभ थंड करावी. म्हणजे त्यास लाजरचे नाव माहीत होते! दारातील भिकारी त्यास अपरिचित नव्हता. नावानिशी ओळखीचा होता, येता-जाता दिसत होता, आणि तरीही त्याच्या लेखी तो केवळ निरोप्या किंवा पाणक्या होता. मेल्यावरही त्याच्या हिशेबात लाजरची पायरी बदलली नाही. माहिती असणे आणि जाणीव असणे यांतील अंतर याहून थोड्या शब्दांत कोणी दाखविले असल्यास आमच्या वाचनात नाही.

यावर आमचे विरोधक म्हणतील की, आम्ही त्या श्रीमंतासारखे कठोर नाही. दुःख समोर आले तर आमचे मन द्रवते. द्रवत असेल. परंतु मनाच्या द्रवण्यावर कितपत विसंबावे याविषयी १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग बोलका आहे. प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयातील चाळीस विद्यार्थ्यांना, म्हणजे भावी धर्मोपदेशकांना, डार्ली व बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एकेकटे दुसऱ्या इमारतीत भाषण देण्यास पाठविले. वाटेत एका दारात एक मनुष्य खोकत, कण्हत पडलेला होता. अर्थात त्यास तेथे मुद्दाम बसविले होते. काही विद्यार्थ्यांना भाषणाचा विषय दिला होता दयाळू शोमरोन्याचा! ज्यांना पुष्कळ अवकाश आहे असे सांगितले होते, त्यांपैकी शेकडा ६३ जणांनी त्या माणसास काही ना काही मदत केली. ज्यांना उशीर झाला आहे, घाई करा, असे सांगितले होते, त्यांपैकी शेकडा १० जणांनी. भाषणाचा विषय शोमरोन्याचा आहे की दुसरा कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर शोमरोन्यावर प्रवचन करावयास निघालेले असता त्या पडलेल्या माणसास चक्क ओलांडून गेले.

या प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून कोणी मनुष्यस्वभावाच्या नावाने बोटे मोडील, तर तो चुकेल. ते विद्यार्थी वाईट नव्हते. त्यांचे हृदय त्यांच्या घड्याळापुढे हरले, इतकेच. दृष्टान्तातील याजक व लेवी हेही बहुधा उपासनेच्या कामानेच जात-येत असावेत. म्हणून आमचे म्हणणे असे की, परदुःखाची जाणीव ही भावनेवर सोडण्याची गोष्ट नाही. नित्यक्रम भावनेहून बलवत्तर आहे. दुःख दिसावे असे वाटत असेल, तर त्यास नित्यक्रमातच जागा करून दिली पाहिजे. नाहीतर नित्यक्रम त्यास आपोआप झाकून टाकतो.

आता डब्यातील साखरेकडे वळू.

महाराष्ट्रातील साखर दरवर्षी साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होणाऱ्या व मार्च-एप्रिलपर्यंत चालणाऱ्या गाळपातून निघते. ऊस तोडण्यासाठी बीड व आसपासच्या कोरडवाहू भागांतून लाखो माणसे बिऱ्हाडे घेऊन निघतात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि पुढचे सहा महिने ती फेडण्यात जातात. नवरा व बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. भाषाशास्त्राची आवड असणाऱ्यांनी या शब्दावर क्षणभर थांबावे. दोन जिवंत माणसे, त्यांचे लग्न झालेले आहे, त्यांस मुले आहेत, आणि हिशेबाच्या वहीत ती दोघे मिळून एक हत्यार आहेत! कोयत्यास घर लागत नाही. म्हणून फडाशेजारी पाचटाची किंवा ताडपत्रीची कोप असते. कोयत्यास संडास लागत नाही. कोयत्यास मासिक पाळी येत नाही. काम चुकले तर खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड मजुरीतून कापला जातो. पहाटेच्या अंधारात फडात उतरावयाचे, दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावर वाहून नेऊन गाडी भरावयाची, आणि ट्रक रात्री आला तर रात्री भरावयाची. गरोदर बाईसही यातून सुटका नसते.

याचा परिणाम काय झाला तो २०१९ साली सरकारी कागदावर आला. बीड जिल्ह्यातील ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांची पाहणी करण्यासाठी शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. शंभरांत सुमारे सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत तीनच्या आसपास होते. वयाचे गट काटेकोर सारखे नसतील. तरी तीन आणि सतरा यांतील अंतर वयाच्या हिशेबाने भरून निघणारे नव्हे. वारंवारची दुखणी, फडावर पाणी व आडोसा नसणे, पाळीच्या दिवसांत पडणारे खाडे, आणि ‘पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल’ असे भय घालणारे डॉक्टर, अशा कारणांनी चाळिशीच्या आतील, कित्येक तर तिशीच्या आसपासच्या स्त्रियांनी, कर्ज काढून, ही शस्त्रक्रिया करून घेतली. आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा उचल घेतली.

ही बातमी त्या वर्षी सर्व वर्तमानपत्रांत आली होती. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती वाचली असेल. सकाळी, चहा घेता घेता. त्यांस लाजरचे नाव माहीत आहे.

येथे आम्हांस आमच्या स्वतःच्या समाजाशी विशेष भांडावयाचे आहे. मराठी प्रॉटेस्टंट समाजाची मुळे ज्या भूमीत खोल गेली, तो अहिल्यानगर जिल्हा. १८३१ साली, त्याचे नाव अहमदनगर असताना, अमेरिकन मराठी मिशनने तेथे ठाणे केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई तेथेच, आणि पुढे राहुरीस राहिले. तालुक्यातालुक्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या. आणि तोच जिल्हा साखरेचा आहे. १९५० साली प्रवरानगरास सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले आणि सर्व महाराष्ट्राने तेथून धडा घेतला. म्हणजे या मंडळ्यांतील उपासकास लाजर शोधण्यासाठी बीडला जावे लागत नाही. तो मंदिराच्या कुंपणापलीकडच्या फडात आहे. रविवारी उपासना चालू असता उसाने भरलेल्या गाड्यांची घरघर प्रवचनात व्यत्यय आणते, आणि तेवढ्यापुरते पाळक थांबतात.

आणखी एक विलक्षण योग पाहा. गाळपाचा हंगाम सुरू होतो तो प्रभूच्या आगमनाच्या तयारीचे रविवार जवळ आले असता, आणि संपतो तो उत्तम शुक्रवार व पुनरुत्थानाच्या सणाच्या आगेमागे. गव्हाणीत जन्मलेल्या बालकापासून वधस्तंभापर्यंतचा जो काळ चर्चने पूज्य मानला, त्याच काळात रस्त्याच्या कडेला कोपींत मुले जन्मतात आणि बायका मोळ्या वाहतात. दोन पंचांगे दिवसागणिक बरोबर चालतात, परंतु एकमेकांशी बोलत नाहीत. नाताळात आम्ही कागदाची व पेंढ्याची गव्हाणी मोठ्या कुशलतेने करितो. पेंढा नसेल तर पाचटही वापरतो. आणि लेंटच्या चाळीस दिवसांत आमची धर्मशील मंडळी आत्मसंयमनासाठी काय सोडतात? बहुतेक घरांत चहातील साखर! चाळीस दिवस साखर सोडूनही ती कोणी तोडली हा प्रश्न मनात न येणे, हा संयम फारच मोठा म्हणावा लागेल.

आम्ही उपवासाची थट्टा करीत नाही. साखर सोडण्याने माणसाचे डोळे उघडू शकतात, याला इतिहासाची साक्ष आहे. १७९१ साली इंग्लंडात विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक पुस्तिका छापली. वेस्ट इंडीजमधील साखर गुलामांच्या श्रमाने पिकत असे. फॉक्सने गृहिणींपुढे हिशेब मांडला की, आठवड्यास पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती वर्ज्य केली, तर एक मनुष्य गुलामगिरीपासून अथवा मरणापासून वाचेल. हिशेब ढोबळ होता. परंतु त्याने जे साधले ते मोठमोठ्या व्याख्यानांनी साधले नव्हते: समुद्रापलीकडील माणूस त्याने चहाच्या मेजाशी आणून बसविला. सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडल्याचा टॉमस क्लार्कसनचा अंदाज आहे. त्यांत क्वेकर होते, बॅप्टिस्ट होते, आणि पुष्कळशा स्त्रिया होत्या. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण साखरेच्या भांड्यावर त्यांचा अधिकार होता.

मराठी वाचकास या हकीकतीत आपला असा एक धागा सापडेल. नॉर्दॅम्प्टनशायरमध्ये जन्मलेल्या एका चांभारकाम केलेल्या बॅप्टिस्ट उपदेशकाने १७९२ साली मिशन-कार्याविषयी पुस्तिका लिहिली. तीत त्याने सुचविले की, ज्या कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली आहे त्यांचा जो आठवड्याचा पैसा वाचतो, तो या कार्यास द्यावा. हा उपदेशक म्हणजे विल्यम केरी. पुढल्याच वर्षी तो बंगालमध्ये उतरला, आणि त्याच केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. मराठी भाषेच्या एका आरंभीच्या छापील व्याकरणाचा कर्ता साखर सोडणाऱ्यांच्या चळवळीशी असा जोडलेला होता, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. असो.

परंतु याच इतिहासाचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे; कारण तो न सांगता १७९१ चे गोडवे गाणे म्हणजे पुन्हा डोळे मिटणेच होय. १८०७ साली ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार बंद केला व १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. दोन कोटी पौंड नुकसानभरपाई देण्यात आली. ती गुलामांना नव्हे, मालकांना. आणि १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत भोजपुरी होते, तामिळ होते, आणि कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवितात. विवेकबुद्धी शांत झालेल्या इंग्लिश घरांतून साखर परत मेजावर आली. गुलाम गेला होता. त्या जागी करारावर अंगठा उठविलेला मजूर आला होता. आणि त्याच्याविषयी तितके लोक चहा सोडून उठले नाहीत. साखर सोडणे हा एक प्रसंग होता, तो सरला. पाहण्याची सवय लागली असती, तर ती प्रसंगाबरोबर सरली नसती.

म्हणून कोणी आमच्या लिहिण्याचा अर्थ ‘साखर खाऊ नका’ असा घेतला, तर तो आम्हांस मान्य नाही. साखर खाणे बंद झाल्यास सर्वांत आधी उपाशी राहील तो कोयताच.

या ठिकाणी विरोधकांचे दोन आक्षेप विचारात घेण्यासारखे आहेत, बाकीचे नाहीत. पहिला असा की, सहकारी कारखान्यांनी खेडी वर आणली; शाळा, महाविद्यालये, दवाखाने काढले; त्यांच्याविरुद्ध असे लिहिणे हे कृतघ्नपणाचे आहे. कारखान्यांनी खेडी वर आणली हे आम्ही पूर्णपणे कबूल करितो. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी आरंभिलेले ते कार्य महाराष्ट्राच्या अभिमानाचे आहे. परंतु सहकार म्हणजे काय? ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा सभासद, म्हणून मालक. ऊस तोडणारा मात्र सभासद नाही. रूढ व्यवस्थेत तो कारखान्याचा नोकरही नाही. तो मुकादमाचा माणूस. ज्याच्या हाताशिवाय एकही कांडे गव्हाणीत पडत नाही (साखर कारखान्यातही ऊस ज्या ठिकाणी टाकतात तिला गव्हाणीच म्हणतात, हे वाचकांनी लक्षात घ्यावे), तो या सहकाराच्या वहीत कोठेच नाही. उपकाराची जाणीव ठेवावयाची, तर मोजणीतून सुटलेल्याचीही ठेवावी लागेल.

दुसरा आक्षेप आमच्याच धर्मबंधूंचा. चर्चचे काम आत्म्याचे आहे. मजुरी, मुकादम, संडास हे राजकारण झाले. या आक्षेपकांनी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडावा. प्रभूच्या भावाचे म्हणून परंपरेने मानलेले हे पत्र श्रीमंतांस बजावते की, ज्या मजुरांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. हे राजकारण असेल, तर ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ते गाळून पवित्र शास्त्र छापण्याची परवानगी अद्याप कोणी काढलेली नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी डावीकडे उभे असलेले लोक आपल्या बचावासाठी काय म्हणतात? प्रभो, आम्ही तुला उपाशी, उघडा, आजारी असा पाहिला तरी कधी? ‘आम्ही पाहिले नाही’ हाच त्यांचा बचाव आहे. आणि त्याच बचावावर त्यांस शिक्षा होते. तेथे कोणाचा आत्मा किती शुद्ध होता, हे विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मग करावयाचे काय? आमचे मागणे लहान आहे; त्यातील एकही गोष्ट संन्यास घेणाऱ्याने करावयाची नाही, नित्यक्रम चालविणाऱ्यानेच करावयाची आहे.

ऊसपट्ट्यातील प्रत्येक मंडळीने हंगामाच्या आरंभी आपल्या शिवारात कोणत्या टोळ्या उतरल्या, कोठून आल्या, किती कोपी आहेत, किती मुले आहेत, याची वही ठेवावी. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आम्ही दर रविवारी ‘जगातील सर्व दुःखी-कष्टी लोकांसाठी’ अशी एक ओळ म्हणून मोकळे होतो. पुन्हा तो ‘सर्व’! त्याऐवजी त्या वहीतील नावे वाचावीत. नाव वाचून प्रार्थना केली की, तिचे पुढे काय झाले हे पुढच्या रविवारी कोणी तरी विचारतोच. प्रार्थनेचा हा गुण तिच्या निंदकांसही मान्य व्हावा. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत या मुलांची शाळा बुडते. आमच्या मंदिरांची आवारे आठवड्यातील सहा दिवस ओस असतात, आणि आमच्या जुन्या मिशन-शाळा पटावर मुले नाहीत म्हणून खेद करितात. यावर अधिक लिहावयास नको. नगरात व पुण्यात राहणाऱ्यांनी, ज्यांच्या शेजारी फड नाही, निदान आपल्या मुलांस साखर कोठून येते हे सांगावे. मूल ‘दुकानातून’ म्हणते तेथे थांबू नये. कोयता या शब्दाचा अर्थ दहा वर्षांच्या मुलास समजतो. आम्ही तो समजावून पाहिला आहे. त्यावर मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देताना प्राध्यापकाचीही तारांबळ उडते.

सर्वांत महत्त्वाचे मागणे मात्र त्यांच्याकडे आहे, जे चर्चच्या बाकावर बसतात आणि कारखान्याचे सभासदही आहेत. अशी कुटुंबे थोडी नाहीत. सभासद हा मालक आहे, हे वर सांगितलेच. मालकास प्रश्न विचारण्याचा हक्क आहे: तळावर पिण्याचे पाणी व संडास आहेत काय, खाड्याचा दंड आमच्या कारखान्याच्या तोडीत कापला जातो काय, बाळंत होणाऱ्या बाईस किती दिवस मिळतात, मजुरी बाईच्या हाती पडते की तिच्या नवऱ्याच्या, टोळीतील स्त्रियांची तपासणी कोणता डॉक्टर करतो, आणि शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या डॉक्टराचे मत घेण्याची काही सोय आहे काय. या सहा प्रश्नांसाठी धर्मशास्त्राचे अध्ययन लागत नाही. फार तर उभे राहण्याचे धैर्य लागते. कारण अध्यक्ष बहुधा ओळखीचे असतात, आणि पुढच्या वर्षी आपल्या उसास तोड वेळेवर मिळावी ही चिंता प्रत्येकास असते. ही चिंता खरी आहे, आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच एकट्याने उभे राहू नये. एका मंडळीतील पाच सभासदांनी एकदम उभे राहावे, आणि प्रश्न लेखी द्यावेत, म्हणजे ते इतिवृत्तात नोंदविले जातील.

कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर भरवावी लागते. टोळ्या त्यानंतर महिना-दीड महिन्याने येतात.